पत्रा भरून येत नाय

आमचा तात्या आधी मारायचा आणि मग विचारायचा, "हां, आता बोल, काय झालं?" हा माझा सख्खा चुलता. पेणजवळच्या जिते गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून, त्यामुळे त्याच्या हाताचा आवाज मी लहानपणापासून ऐकलाय. गेल्या वर्षी तो गेला तेव्हा पेणपासून रोह्यापर्यंतची माणसं जमली होती, आणि त्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी त्याचा मार खाल्लेला होता. माणूस मेला की लोक लगेच त्याला देवमाणूस करून टाकतात. मी नाही करणार. तात्या मारकुटा होता. आणि माझा त्याच्यावर जीव होता, तेही सांगून टाकते.

मारण्याचं कारण एकच, त्याचा ट्रक. दुसऱ्याच्या गाड्या चालवून चालवून त्याने तो घेतला होता, आणि त्याला तो 'बाय' म्हणायचा, आपल्याकडे लाडक्या लेकीला म्हणतात तसं. लेक नव्हतीच त्याला, एकटा नितीन. नितीनला ताप आला तर काकी बघायची. बायच्या इंजिनाचा आवाज जरा बदलला की तात्या जेवण सोडून उठायचा आणि सांगायचा, "बायला दुखतंय कायतरी." नितीन बिचारा लहानपणी म्हणायचा, मलापण चार चाकं असती तर बरं झालं असतं.

पेणच्या स्टँडबाहेर एकदा एकाने गुटख्याची पिचकारी मारली, ती नेमकी बायच्या दारावर. मी तिथेच बसची वाट बघत उभी होते. तात्या खाली उतरला. त्या माणसाला त्याच्याच शर्टाने दार पुसायला लावलं, दार लखलखीत झालं आणि मग त्याच्या नाकावर ठोसा घातला. रक्ताची धार लागली. तात्याने शांतपणे सीटवर गोणपाट अंथरलं, त्या माणसाला बखोटीला धरून वर घेतलं आणि डॉक्टरकडे नेलं. गोणपाट कशाला, तर सीटला रक्त लागू नये म्हणून. मी संतापून विचारलं, माणसाचं नाक फुटलं आणि तू सीट कसली सांभाळतोस? तर म्हणतो, "माणूस भरून येतो गो. पत्रा भरून येत नाय." कपाळ माझं! मार दिलेल्या प्रत्येकाला तो असा दवाखान्यात पोचवायचा, आणि आपण काही वावगं केलं असं त्याला जन्मात वाटलं नाही.

मलाही सोडलं नव्हतं त्याने. लहान होते, खिळ्याने बायच्या अंगावर छान मोठं फूल काढलं. कानाखाली अशी बसली की मी गरकन फिरून पडले. माझे बाबा धावत आले आणि अंगणात दोघे सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसले. बाबांचा दात पडला, तात्याची भुवई फुटली, काकीने शेवटी दोघांवर कळशीभर पाणी ओतलं. संध्याकाळी बघते तर दोघे मिळून गाडी धूत होते. बाबा पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवत तात्याला कुठे साबण राहिलाय ते दाखवत होते. मी मात्र आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

पेणच्या कारखान्यांतून गणपती निघायला लागले की हाच माणूस निराळा व्हायचा. ट्रकच्या ज्या हौद्याला मासळीचा वास, त्यात कारखानदार मूर्ती चढवत नाहीत, म्हणून तात्या वर्षभर सुकटीचं एक पोतं घ्यायचा नाही. स्वतःला ताटात सुकट नसली तर घास उतरत नसे, तो भाग वेगळा. मूर्ती भरताना कोणाला हात लावू द्यायचा नाही. आधी भाताच्या पेंढ्याचा जाड थर, त्यावर मूर्ती, मग मूर्तीच्या पाठीशी, काखेत, सोंडेखाली पेंढा ठासत जायचं. दर फेरीला नवा पेंढा, हा त्याचा नियम. एकदा वजनाखाली दबलेला पेंढा डोळ्यांना भरपूर दिसतो, पण धक्का झेलत नाही, असं तो सांगायचा. ज्या हातांनी माणसांची नाकं फोडली तेच हात देवाच्या कानामागे पेंढ्याची काडी खोचताना बघितले की मला गंमत वाटायची आणि भीतीही.

गणपती घेऊन निघाला की गाडी बैलगाडीच्या चालीने. मागे गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, शिव्या यायच्या. एकदा एक मोटारवाला आडवी गाडी घालून भांडायला उतरला. तात्याने त्याचं डोकं त्याच्याच बॉनेटवर आपटलं. दोनदा. मग मागे जाऊन हौद्याचा फाळका उघडला आणि अगदी हळू आवाजात देवांना विचारलं, "लागलं नाय ना कोणाला?" हे तो स्वतः हसत हसत सांगायचा आणि आम्हीही हसायचो. आज ते हसू आठवलं की माझं मलाच बरं वाटत नाही.

कारण मग निडीचं झालं. तीन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, रोह्याचे गणपती घेऊन तात्या सकाळी निघाला होता. रोह्याच्या अलीकडे, निडीच्या फाट्यावर एक मोटरसायकल एकदम रस्त्यावर आली. रोह्याच्या एका कंपनीतला वेल्डर, पहिली शिफ्ट गाठायच्या घाईत. तात्याने ब्रेक मारला आणि मागून काडकन आवाज आला. त्याने फाळका उघडला. सगळ्यांत मोठ्या मूर्तीचा उजवा हात, आशीर्वादाचा, मनगटातून तुटून पेंढ्यात पडला होता. तो वेल्डर बिचारा गाडी वळवून परत आला होता. काका, चुकी झाली, म्हणत होता. तात्याने सीटखालचा टॉमी काढला. टॉमी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा. पहिला घाव जबड्यावर. तो खाली पडला तसे पुढचे त्याच्या उजव्या हातावर, आणि रस्त्यावरच्या माणसांनी ओढून काढेपर्यंत तात्या थांबला नाही.

मग नेहमीप्रमाणे त्यानेच त्याला गाडीत घातलं आणि रोह्याच्या दवाखान्यात आणलं. माझं सासर रोह्याचं, मी धावत गेले. तात्या दाराशी उभा होता. शर्ट रक्ताने भिजलेला आणि हातात टॉवेलात गुंडाळलेला देवाचा तुटका हात. आत तो वेल्डर गुरासारखा ओरडत होता. त्याची बायको, कडेवर मूल घेऊन, तात्याकडे नुसती बघत होती. डॉक्टर म्हणाले, हाडांचा चुरा झालाय, हात पहिल्यासारखा होणार नाही. ती मूर्ती तात्याने कुंडलिका नदीत नेऊन विसर्जित केली, परत आला आणि आपण होऊन पोलिसांच्या गाडीत जाऊन बसला.

जामिनावर सुटून घरी आला तेव्हा आम्ही सगळे होतो. काकीने ताट वाढलं. त्याने हात लावला नाही. "पेंढा आदल्या फेरीचा होता," तो म्हणाला. "कंटाळा केला मी. हौद्यात होता तोच वरखाली करून भरला. देवाला उतरवताना हाताला लागला, पार चपटा झालेला. देवाचा हात त्या पोराने नाय मोडला. मी मोडला. दोघांचापण." मला त्या दिवशी तात्याची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू. मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

काही दिवसांनी वेल्डरचा बाप आला. भाताची, वालाची शेती करणारा म्हातारा. पाणीसुद्धा घेतलं नाही. तात्याने पाय धरले, ते त्याने सोडवून घेतले. म्हणाला, "मला तुमचं काय नको. कोर्टात आमी ताणणार नाय. पण ती गाडी इका. तिच्यासाठी तुमी माणूस मारता. तारखेच्या दिवशी ती तुमच्या दारात असली, तर मी उभा राहून सगळा सांगीन." आणि उन्हात चालत निघून गेला.

विकायची की ठेवायची, एवढाच प्रश्न, आणि घर त्यात भाजून निघालं. नितीन म्हणाला, विका. मी म्हटलं, विका. तात्या एक दिवस म्हणायचा, व्हय, इकूया. दुसऱ्या दिवशी सकाळी बायला न्हाऊ घालत असायचा आणि म्हणायचा, "जेलात जातो मी. ती राहूदे दारात." दोन गिऱ्हाइकं आली. एकाने बायला खटारा म्हटलं, तो ओठ फोडून घेऊन परत गेला. तारीख जवळ आली. काकी यातलं एक अक्षर बोलत नव्हती. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याच्या शर्टावरचं परक्या लोकांचं रक्त धुतलं होतं, आणि आता तो आत जायचा होता तरी ती गप्प. मला तर तिचाही राग येत होता.

तिसरं गिऱ्हाईक मीच रोह्याहून आणलं. सुकटीचा व्यापारी, साधा माणूस. त्याला मी बजावलं होतं, गाडीला नावं ठेवू नका. त्याने ठेवली नाहीत. भोवती फिरला, वाकून बघितलं, आणि सगळी गिऱ्हाइकं करतात तेच केलं. टायरला लाथ मारून बघितली.

पुढचं पापणी लवायच्या आत झालं. तात्या टॉमी घेऊन आला. नितीनने मागून मिठी मारली, तर नितीन भिंतीवर जाऊन आदळला. व्यापारी डोक्यावर हात धरून चाकापाशीच बसला. मी तात्याचा दंड धरला, त्याने झटकला, मी अंगणात पडले. टॉमी वर गेला आणि मी डोळे मिटले.

काच फुटल्याचा आवाज आला.

काकी होती. चाकाला लावलेला दगड दोन्ही हातांनी उचलून तिने बायच्या समोरच्या काचेवर घातला होता. सगळी काच खळ्ळकन खाली आली. तिने दगड परत उचलला आणि एक दिवा फोडला, मग दुसरा. मग बाजूचा आरसा. पदर सुटलेला, कपाळाला काच लागून रक्त आलेलं. मग ती तात्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"गाडीला हात लावील त्याला तुमी मारता ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी लावलाय. मारा मला."

तात्याने काकीवर हात उचललेला मी कधी पाहिला नव्हता. आज बघणार, असं मला वाटलं. टॉमी अजून वरच होता. तात्या बायकडे बघत होता, तिच्या फुटक्या दिव्यांकडे. मग काकीच्या कपाळाकडे. मग खाली, तिच्या पायांकडे. ती अनवाणी होती.

"हलू नको गो," तो म्हणाला. "पायात काच जाईल."

टॉमी बाजूला ठेवून तो उकिडवा बसला आणि नुसत्या हातांनी तिच्या पायांभोवतीची काच गोळा करायला लागला. बोटं कापत होती, तो गोळा करत होता. व्यापाऱ्याकडे न बघता म्हणाला, किल्ली आतच हाय, घेऊन जा, हौद्यात पाहिजे ते भर. नितीनने लंगडत जाऊन सीटवरची काच झाडली. व्यापारी वर चढला, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गाडी अंगणातून वळून रस्त्याला लागली तेव्हा तात्याने मान वर केली नाही. काकीच्या पायाच्या बोटांमध्ये काचेचा एक बारीक तुकडा अडकला होता आणि तो त्याला निघत नव्हता.