राक्षसाची टेकडी

मी मूळचा सोलापूरकडचा. ऐंशी सालानंतर नवं शहर आखणाऱ्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि वाशीजवळच्या कॉलनीत राहायला आलो. समुद्र तोवर कॅलेंडरवरच बघितलेला. तरी कॉलनीच्या गणपतीतल्या नाटकासाठी अख्खं काल्पनिक राज्य रचायचं काम मी आनंदाने ओढवून घेतलं. नाटकही मीच लिहिलं होतं, त्यामुळे मला आवरणारं कुणी नव्हतं.

गोष्ट सोपी होती. नदीकाठी राजपुत्राची राजधानी, पलीकडे टेकडीवर राक्षस. शेवटी राक्षस मरतो आणि लाडू वाटतात. मागच्या पडद्यावर राज्याचा भलामोठा नकाशा.

राक्षसाचं काम शेजारच्या टेबलावरच्या दोस्ताकडे होतं. तो इथलाच, खाडीकाठच्या गावचा. त्याची भातशेती शहरासाठी गेली, बदल्यात ही नोकरी मिळाली, आणि आमची कॉलनी उभी राहिली ती नेमकी त्याच शेतावर. त्याची आई कॉलनीत पाऊल ठेवत नसे. त्याचा डबा घेऊन रस्त्यापर्यंत यायची आणि तिथूनच मागे फिरायची. तिने एकदा तरी आत यावं, एवढीच त्याची इच्छा होती. पोराचं नाटक बघायला तरी येईल, म्हणून तो शिंगं लावायला तयार झाला.

माझा नकाशा बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "ही नदी जाते कुठं?"

"पूर्वेला."

"मंग पुढं?"

"पुढे काय? आमच्याकडे नद्या पूर्वेलाच जातात. नंतर त्यांचं काय होतं ते दुसरं राज्य बघतं."

तो इतका हसला की शाईची बाटली लवंडली. मग त्याने नदी खोडून पश्चिमेला वळवली आणि समुद्रात सोडली. डोंगराच्या समुद्राकडच्या बाजूला मी हौसेने वाळवंट काढलं होतं. तिथे सगळा पाऊस अडतो म्हणत त्याने दाट जंगल भरलं. शेवटी राजधानीवर बोट ठेवलं.

"आनि ही बुडनार."

"पावसाळ्यात?"

"रोज. भरतीला खाडी उलटी वर चढते."

पाणी उलटं चढतं ही मला शुद्ध थाप वाटली. तो मला खाडीवर घेऊन गेला. पाणी चढलं, आणि काठावर काढून ठेवलेल्या माझ्या चपला घेऊन गेलं. त्यानंतर मी वाद घातला नाही.

आता राजधानीला कोरडी जागा हवी. नकाशात तशी एकच होती, राक्षसाची टेकडी.

"तिथे तर तू राहतोस," मी म्हणालो.

"मंग? जुनी गावं उंचावरच बसतात. आमी काय येडे हाव?"

म्हणजे इतके दिवस राक्षस नुसता राक्षस आहे म्हणून मरत होता; आता त्याची जागा हवी म्हणून मरणार होता. मला हे फारच पटलं. मग ड्राफ्ट्समनचा हात कुठला थांबतोय! मी रस्ते आखले, बाजार टाकला, एसटी डेपोसुद्धा ठेवला. ताब्यात घ्यायच्या जमिनीभोवती ऑफिसात मारतो तशी तुटक रेघ राक्षसाच्या घराभोवती मारली, तेव्हा दोस्ताने पेन्सिल खाली ठेवली. नकाशा देखणा होतोय या खुशीत मी विचारलंही नाही.

नाटकाला आई आली. खुर्चीवर बसेना, मांडवाच्या टोकाला बांबू धरून उभी राहिली. पुढच्या रांगेत आमचे साहेब. राजपुत्र झालेल्या कॅशियरने पत्र्याची तलवार उगारली. "राक्षसा, ही जागा राज्याला हवी आहे!"

"ए, सोर त्याला!" मागून आई ओरडली. "जागा त्याची हाय!"

मांडवात हशा पिकला. राक्षस शिंगं सावरत पुढे आला. "आये, नाटक हाय ग. सगला खोटा हाय."

आई चालत रंगमंचापाशी आली. तिने नकाशाकडे बोट केलं. "खोटा? मंग पानी खरा कसा काढलास?"

हसू थांबलं. राजपुत्र पुढच्या ओळीसाठी विंगेत माझ्याकडे बघत राहिला.

"आपल्या शेताचा बांध कुठं हाय मंग?" आईने विचारलं.

"तो ह्यात नाय, आये."

तो खाली उतरला. एकदा डोंगराच्या दिशेने बघितलं, एकदा खाडीच्या. मग गदा टेकवली ती साहेबांच्या खुर्चीखाली.

"हितं."

साहेब उठले आणि त्यांनी स्वतःच खुर्ची उचलून बाजूला ठेवली.