टूल स्टोअरमधला इंग्रजीचा अभ्यास

त्या वर्षी मला सगळ्यात जास्त हवी होती ती झोप. सकाळी सात ते साडेतीन पिंपरीच्या एका लहान कारखान्यात टूल स्टोअरच्या खिडकीशी काम, संध्याकाळी कॉलेज. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि इंग्रजीत एकदा नापास झालेला. वडील मराठवाड्यातून येऊन इथेच हमाली करत होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या बारीला राहिलास तर कॉलेज बास."

पेपर गुरुवारी दुपारी होता. सुपरवायझरसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा कशीबशी कबूल केली होती.

अनेकवचन मला जमायचं, अडायचं ते मालकीपाशी. कॉलेजातले सर सांगत, मालक एक असेल तर ती वरची शेपटी, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, 'एस'च्या आधी, अनेक असतील तर नंतर. चिल्ड्रन, मेन हे मुळातच अनेकवचनी, म्हणून तिथे पुन्हा आधी. वर्गात कळल्यासारखं वाटे आणि थेरगावला घरी सायकलवरून पोचेपर्यंत विसरून जाई.

स्टोअरमध्ये मात्र मालकी डोळ्यांना दिसायची. कामगार आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, मी त्याला हत्यार द्यायचो आणि हत्याराच्या हुकाला बिल्ला टांगायचो. हत्यार परत आलं की बिल्ला परत. बुधवारी दुपारी खिडकीवर कोणी नव्हतं. मी पाच-सहा बिल्ले काढून टेबलावर मांडले. एकट्याने नेलेल्या हत्याराचा बिल्ला डावीकडे, दोघांनी मिळून नेलेल्याचे उजवीकडे. प्रत्येकापुढे 'अमक्याचं हत्यार' असं इंग्रजीत लिहून पाहिलं. पहिल्यांदाच सगळं बरोबर येत होतं. तेवढ्यात भोंगा झाला. समोर रांग लागली आणि मी घाईघाईने बिल्ले परत टांगले.

एक म्हातारे फिटर ड्रिल परत करायला आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ड्रिलच्या हुकावर त्यांचा बिल्ला नव्हता. तो मायक्रोमीटरच्या, म्हणजे जाडी मोजायच्या महागड्या हत्याराच्या, हुकावर होता, आणि मायक्रोमीटर जागेवर नव्हता. साहेब शेजारीच उभे होते.

"मायक्रोमीटर कुठंय?"

"म्या नेलाच न्हाई, साहेब."

"मग बिल्ला काय चालत गेला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मायक्रोमीटर मिळेपर्यंत त्यांना कामावर घ्यायचं नाही, असं ठरलं.

गुरुवारी सकाळी ते ऑफिसबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. बोललो तर रजा जाणार हे मला माहीत होतं. तिसऱ्यांदा आत गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं.

"बिल्ले घेऊन अभ्यास?" साहेब म्हणाले. "शहाणाच आहेस. आता सगळं स्टोअर मोजून काढ. आज रजा नाही."

मोजणी सुरू असतानाच मायक्रोमीटर एका लेथवाल्याच्या पेटीत सापडला; त्याचा बिल्ला मी घाईत दुसऱ्याच हुकाला टांगला होता. तोवर तीन वाजले होते. पेपर सुरू झाला होता.

काका खिडकीशी आले. "येडा हाईस का रं? आधी प्यापर द्यायचा, मग सांगायचं. म्या बसलो असतो की आजचा दिवस."

"काका, कोणतं ड्रिल देऊ?" एवढंच मी विचारलं.

घरी मी पेपर बुडाला इतकंच सांगितलं. वडील जेवता जेवता म्हणाले, "मग कॉलेज बास." मी वाद घातला नाही, तेवढी ताकद नव्हती. रविवारी काका आमच्या खोलीवर आले. मला पाण्याला पिटाळून बराच वेळ वडिलांशी बोलत बसले. काय बोलले ते मला कधीच कळलं नाही. मी परतलो तेव्हा ते निघून गेले होते.

"अजून एक वर्ष," वडील म्हणाले. "त्याच्यापुढं न्हाई."

आनंद व्हायला हवा होता. मी फक्त हो म्हणालो, हंडा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून तिथेच झोपलो.