झुंबरबाईची जबानी

खर्ड्याच्या पुढच्या एका आडवळणी चौकीत मच्छिंद्र हवालदारांनी बावीस वर्षं तपास केला, तोही उंबरा न ओलांडता. साक्षीदाराला बोलवायचं, ओट्यावर बसवायचं आणि विसरून जायचं. दिवेलागणीला तो हवं ते सांगायचा. याला कसब म्हणतात, असं हवालदारांचं प्रामाणिक मत होतं.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात फौजदारी कायदा बदलला. तालुक्याहून फौजदारसाहेबांचा कागद आला: बाईमाणसाला जबाबासाठी चौकीत बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं. हवालदारांनी कागद भक्तिभावाने कपाळाला लावला आणि फाइलीत पुरला.

त्याच आठवड्यात गावचे बडे बागायतदार काकासाहेब यांचं विहिरीवरचं ऑईल इंजिन चोरीला गेलं. शेजारची वस्ती झुंबरबाईची. हवालदारांनी तिला बोलावणं धाडलं. उलटा निरोप आला, "मास्तरांनी पेपर वाचून दावलाय. कायदा म्हन्तो, तुमीच या."

काकासाहेबांची कोंबडी आदल्या दिवशीच पोटात गेली होती, तेव्हा तपास सोडणंही बरं दिसेना. हवालदार सायकलीवर निघाले. चार मैलांत बाभळीच्या काट्यांनी दोनदा चाक पंक्चर केलं.

झुंबरबाई शेळीला पाला टाकत होती. "बसा त्या दगडावर. हातातलं उरकते."

उरकायला तास लागला. मग तिने गोवऱ्या थापल्या, जावेशी सवडीने भांडण केलं आणि हवालदारांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"इंजिन कुणी नेलं, बाई?"

"काकासायबानंच. भाऊ वाटनी मागतोय न्हवं? त्ये काय, त्येच्याच कडब्याच्या गंजीत हाय."

गंजीतून लोखंडी चाक सरळ डोकावत होतं. हवालदारांना कोंबडी आठवली.

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुमी आलता कवा?"

हवालदार पेन्सिल हातात धरून बसून राहिले. दुसरीकडे बघायची त्यांना चांगली सवय होती, पण बाई त्यांच्याकडेच बघत होती.

"लिवा की, सायेब."

त्यांनी लिहिलं. इंजिन निघालं, खोट्या फिर्यादीबद्दल काकासाहेबांवर खटला भरला गेला. नव्या कायद्याची अशी चोख अंमलबजावणी पाहून फौजदारसाहेबांना गहिवरून आलं आणि तालुक्यातल्या यच्चयावत बायांचे जबाब त्यांनी मच्छिंद्र हवालदारांवर सोपवले. पावसाळ्याआधी सतरा वस्त्या झाल्या. पट्टा दोन भोकं आत गेला. गुन्हे भराभर उघडकीला येऊ लागले, त्याचा तर हवालदारांना फारच मनस्ताप झाला.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी अर्ज केला: तब्येतीच्या कारणास्तव तुरुंगाच्या पहाऱ्यावर बदली मिळावी, तिथे माणसं जागच्या जागी सापडतात.