सतरा ऑगस्टचा वाढदिवस

तेव्हा मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी मालाडच्या एकाच ऑफिसात होतो, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. कोणी संगणक उघडा टाकून चहाला गेलं की त्याच्या प्रोफाइलवर काहीतरी उद्योग करून ठेवायचा, हा आमच्याकडचा खेळ होता. एकाचं लग्न जमवलं, एकाला दुबईला पाठवलं. या आचरटपणात मी सगळ्यांच्या पुढे. एका दुपारी माझी मैत्रीण प्रोफाइल तसंच ठेवून उठली आणि मी तिची जन्मतारीख खोडून दुसऱ्या दिवसाची टाकली, सतरा ऑगस्ट.

दुसऱ्या दिवशी जी धमाल उडाली ती विचारू नका. तिच्या शाळेतल्या बाईंनीसुद्धा आशीर्वाद पाठवले, साहेबांनी केक मागवला. खरा प्रकार तिच्या कानात सांगितला तेव्हा तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि हसत हसत केक कापला. दिंडोशीला तिच्या घरी मात्र प्रकरण तापलं. शेजारणी पेढे मागायला आल्या, तर तिची आई, मूळची मालवणकडची, दारातच कडाडली, "माझ्या चेडवाचो वाढदिवस माका ठावक नाय काय?" तो किस्सा आम्ही महिनाभर चघळला.

तारीख दुरुस्त करायला गेलो तर ते प्रोफाइल ऐकेना, काही दिवस थांबा म्हणे. मग तीच म्हणाली, राहू दे, फोनने न सांगता माझा वाढदिवस कोणाच्या लक्षात राहतो ते तरी कळेल. मला तेव्हा त्यातही गंमतच वाटली.

लक्षात राहिला दोघींच्या. एक तिची आई आणि दुसरी मी. जानेवारीतल्या खऱ्या वाढदिवशी ती डब्यात आईने केलेले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस आणायची, आणि मी "हॅपी बर्थडे गं" म्हणत त्यावर तुटून पडायचे. तारीख मला तो डबा सांगत होता, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. पुढे मी नोकरी बदलून अंधेरीला गेले आणि डबा संपला. जानेवारी येत-जात राहिले. सतरा ऑगस्टला फोन आठवण करून द्यायचा, तेव्हा मीसुद्धा इतरांसारखी केकची चित्रं पाठवू लागले. मीच मारलेल्या थापेला मीच फसले होते. तिने एकदाही टोकलं नाही. "थँक्यू गं" एवढंच यायचं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तिची आई गेली. वडील लहानपणीच गेलेले, लग्न तिने केलं नव्हतं, म्हणजे घरात ती एकटीच. पुढच्या ऑगस्टमध्ये मला फार कळवळा आला. आईशिवायचा पहिला वाढदिवस, म्हणून बोरिवलीहून केक घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले.

तिने केककडे पाहिलं आणि मला आत घेतलं. चहा ठेवता ठेवता म्हणाली की जानेवारीत त्या दिवशी तिने रजा टाकली होती, फोन समोर ठेवून दिवसभर घरात बसली होती. एक फोन आला, तो गॅसवाल्याचा.

"आई गेल्यावर ती तारीख तुलाच ठाऊक होती," ती म्हणाली. "तूच खोडलीस ना. खोडताना दिसली असेल. सांग, कधी असतो माझा वाढदिवस?"

"जानेवारीत."

"किती तारखेला?"

नऊ, बारा, एकोणीस, सगळे आकडे तोंडाशी आले आणि एकाचीही खात्री वाटेना. त्यातला एखादा ठोकून द्यावा असंही मनात आलं, इतकी मी निर्लज्ज. शेवटी मला रडू फुटलं. मी म्हटलं, तूच सांग, आता जन्मात विसरणार नाही.

"नको गं," ती म्हणाली. "सांगितल्यावर काय, कोणीही लक्षात ठेवेल."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी हातापाया पडून तो घालवला असता. तिने केक कापला, मोठा तुकडा मला दिला, आणि मी तो मुकाट्याने खाल्ला.

जुन्या ऑफिसात कोणाला तरी गाठून मी तारीख मिळवू शकले असते. पण तिने ते लगेच ओळखलं असतं. म्हणून या जानेवारीत मी तिला रोज सकाळी फोन केला. भाजी, पाणी, तिचे गुडघे, असं काहीबाही बोलायचे आणि आज तिचा आवाज जरा वेगळा लागतोय का, ते कान देऊन ऐकायचे. एकतीस दिवस ती सारखंच बोलली.

एक फेब्रुवारीला तिचाच फोन आला.

"आता रोज नको करूस," ती म्हणाली. "झाला तो."