नलूची महिन्याची सुई

परळच्या म्युनिसिपल दवाखान्यात गंगाधर ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सिरिंजा उकळायच्या, एवढं त्याचं काम. दर चौथ्या सोमवारी चाळीचे तीन जिने चढून नलूला आणायचं काम त्याला कुणी लावून दिलं नव्हतं. ते त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं.

"पगार बसून मिळतो रे गंगाधर," कंपाउंडर कमलाकांत म्हणायचा. "पाय कशाला झिजवतोस?"

"आणली नाही तर ती येत नाही," गंगाधर म्हणायचा. त्याच्यापाशी एवढंच उत्तर होतं.

नलू चाळीतल्या यशोदेची थोरली, नऊ वर्षांची. सत्तावन्न सालच्या श्रावणात तिचा घसा धरला. हळद-मिठाच्या गुळण्यांनी उतरला. तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो ओसरला तर घोटा, मग मनगट. यशोदा म्हणाली, वाढीचं दुखणं. ताप हटेना तेव्हा मोठ्या इस्पितळात नेली. तिथे कळलं की घशातल्या त्या दुखण्याने काळजाची एक झडप धरली आहे. आता घसा पुन्हा तसा बिघडता कामा नये. त्यासाठी दर महिन्याला पेनिसिलिनची एक सुई, मोठी होईपर्यंत आणि त्यानंतरही. सुई चुकली आणि ताप उलटला, तर उरलेलं काळीजही जाईल.

ते औषध दुधासारखं पांढरं आणि दाट. सुईत अडकायचं. गंगाधर बाटली दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ घोळवायचा. घाई केली की सुई तुंबायची आणि पोरीला दोनदा टोचावं लागायचं. त्याच्या हातची बाटली कधी तुंबली नाही. आठ महिन्यांत एक सोमवार चुकला नाही.

यशोदेची खानावळ होती. एका खोलीत अकरा गिरणीवाले जेवायचे, त्यातले सहा तिथेच पाळीपाळीने झोपायचे. नवरा लवू गिरणीत साच्यावर, कापड विणायला. पोरं चार. एक खोकला की आठवड्यात सगळी खोली खोकायची. डॉक्टर म्हणाले, "मुलीला गर्दीत झोपवू नका."

"मग खंय झोपवू?" यशोदेने विचारलं. डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

नवव्या महिन्यात दवाखान्यात सुयांचं औषध आलंच नाही. ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते. रोज काही ना काही अडायचं, तसंच हेही असेल असं सगळ्यांनी धरलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. छप्पन्न. सकाळी एक, संध्याकाळी एक, अठ्ठावीस दिवस. गंगाधरने बाटली स्वतः वर नेऊन दिली.

"रोज दोन. एकही चुकवायची नाही वहिनी."

"नाही चुकवूची."

पंधराव्या दिवशी तो सहज डोकावला. बाटली फळीवर पालथी, धुऊन वाळत घातलेली.

"गोळ्या कुठे?"

"सरल्या. एक दिवस चुकवूक नाय." यशोदा भाकरी थापत होती. "चौघांचेय घसे धरले हुते. सकाळी अर्धी-अर्धी, सांजेक अर्धी-अर्धी. आता बरी आसत सगळी."

"अहो, त्या नलूच्या होत्या."

"एकट्या नलूक देऊन बाकीच्यांनी बघत रवायचा? माझ्या घरात एकाच्या पानात वाढलं की सगळ्यांच्या पानात पडतं, भाऊ. तूच सांगितलंस ना, घसो दुखलो की औषध देवा म्हणून?"

सांगितलं होतं. गोळ्या एकट्या नलूच्या, हे मात्र सांगितलं नव्हतं. सांगायला लागेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं. त्या खोलीत तो आठ महिने येत होता, ताटं वाढताना बघत होता, तरी आलं नव्हतं. कमी पडलेलं काम कुणाचं, हे शोधायला त्याला दुसरीकडे जावं लागलं नाही.

त्याच दिवशी त्याने डॉक्टरांकडून आणखी गोळ्या आणल्या. पण अर्ध्या गोळ्यांनी नलूचा घसा वरवरच उतरला होता; उशीर झाला होता. दहा-बारा दिवसांत नलूचा गुडघा सुजला. या वेळी ताप महिनाभर राहिला. इस्पितळातून परत आली ती काळजाची दुसरी झडपही गमावून. पायांवर सूज. दोन पायऱ्या चढली की थांबायची, तोंड उघडून श्वास घ्यायची.

सुया पुन्हा आल्या. गंगाधर तिला पाठीवर घेऊन उतरवायचा, टोचून झालं की पाठीवरच वर न्यायचा. पोरगी हाडकुळी, पण सुजेचं वजन वेगळंच असतं. असे तीन सोमवार झाले.

मग लवूने ठरवलं, तिला गावी आजीकडे ठेवायची. तिथे जिने नाहीत, हवा चांगली. गंगाधरने विचारलं, गावात सुई कोण देणार? लवू म्हणाला, वैदू आहे. डॉक्टर म्हणाले, तालुक्याच्या गावी चौकशी करा. तालुका बारा मैल, आणि म्हातारीला धड दिसत नव्हतं. त्या खोलीत पोरीचं भलं होणार नव्हतं, हेही खोटं नव्हतं. गंगाधरला तिसरी जागा सुचली नाही.

भाऊच्या धक्क्यावर तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. नलूला पाठीवरून बोटीत चढवलं आणि बोचक्याला टेकवून बसवलं. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने तिला पोचवायला निघालेल्या यशोदेला पदराला बांधायला लावली.

"ही तालुक्याला दाखवायची. दर चार आठवड्यांनी. नलूलाच, वहिनी."

"होय," यशोदा म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

नलूने त्याची बाही ओढली. "काका, थंय सुई नाय ना?"

गंगाधरने तिच्या सुजलेल्या पायांवर चादर नीट घातली.

"नाही."

"मग बरां," ती म्हणाली आणि हसली.

तो बोटीच्या फळीवरून धक्क्यावर उतरला. दुपारच्या ड्रेसिंगची वेळ झाली होती.