अण्णांचा ताप आणि दारातलं पिंप

करोनाच्या मोठ्या लाटा ओसरल्या त्या पावसाळ्यात कुणी नुसतं 'ताप आहे' म्हटलं, की माझा हात आपोआप त्याच्या नाकाकडे जायचा. सांगलीत विश्रामबागेला माझा छोटा दवाखाना आहे. 'वास येतो का?' हा प्रश्न मी तेव्हा इतक्यांदा विचारायची की दूधवाल्यालासुद्धा एकदा विचारून बसले होते. माझा स्वभाव घाईचा. आजार ओळखला, की लगेच पुढच्या माणसाला हाक.

अशात एका सकाळी गावाहून आईचा फोन आला. "अगं, तुझ्या अण्णास्नी लय ताप हाय. रानातल्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसल्यात. आत येऊ देईनात."

अण्णा म्हणजे माझे वडील. आणि ते असे उसाच्या फडातल्या पंपाच्या खोलीत जाऊन का बसले, हे मला न सांगता कळलं. माझा भाऊ साताऱ्यात नोकरीला आहे. वहिनी माहेरी, आटपाडीला बाळंत झाली होती. अकरा वर्षं वाट पाहून झालेली मुलगी. दोन महिन्यांची झाली तरी अण्णांनी तिला फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. दर वेळी ते काचेचा मुका घ्यायला जायचे आणि नाक लागून कॉल बंद व्हायचा. येत्या रविवारी ती पहिल्यांदा घरी येणार होती.

मी अण्णांना फोन लावला. "खोकला?" "हाय." "घसा?" "दुखतोय की." "वास येतो का?" "न्हाई." झालं! मी फोनवरच करोना ठरवून टाकला. अण्णांनी लगेच भावाला कळवलं, "पोरीला आणू नगा." भाऊ मला फोन करून रडला.

दुपारी दवाखाना बंद करून मी गाव गाठलं. फाटकातच आईनं अडवलं. तिथं निळं पिंप होतं. करोना आल्यापासून त्यातल्या पाण्यानं हातपाय धुतल्याशिवाय आमच्या घरात सरपंचालाही प्रवेश नव्हता. मी मुकाट्यानं धुतले आणि रानात गेले.

अर्धा तास मी अण्णांसमोर बसले. या माणसाला एकदाही खोकला आला नाही. ऑक्सिजन उत्तम. पण डोळे लाल, डोळ्यांच्या मागे ठणका, कूस बदलताना 'आई गं', आणि दंडावर बारीक लाल ठिपके. मला शंका आली. घरून येताना आईच्या फडताळातली हिंगाची डबी उचलली होती, ती उघडून त्यांच्या नाकाखाली धरली.

"आगं, हिंग हाय की त्यो!" अण्णांनी झटकन तोंड फिरवलं. मग जीभ चावली.

"मग फोनवर?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तू काय न्हाई म्हणाली असतीस, तर त्यांनी पोरीला आणलं असतं. आन् तुझं चुकलं असतं मजी? म्हणलं, हायच म्हणून सांगावं."

मला संताप आला होता, खोटं कशाला बोलू. डॉक्टरला फसवतात म्हणजे काय! पण ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.

आता अंदाज पुरे, असं ठरवून मी नाकातला नमुनाही घेतला आणि रक्तही. करोना आणि डेंग्यू एकदमही होऊ शकतात, एक आहे म्हणून दुसरा नाही असं नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. करोना नाही, डेंग्यू आहे. डेंग्यूचा रिपोर्ट वाचून टाळ्या वाजवणारी अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन! वास्तविक त्यांच्या वयाला डेंग्यूही थट्टेचा विषय नव्हे. भरपूर पाणी, तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीच वेदनाशामक गोळी नाही, आणि रोज प्लेटलेट मोजायच्या. पण तो माणसाला शिवून लागत नाही. मधे डास लागतो, आणि हा डास दिवसाढवळ्या चावतो. म्हणून अण्णांना घरी आणून चोवीस तास मच्छरदाणीत घातलं.

डास आला कुठून, याचा उलगडा अण्णा घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी झाला. आई पिंपातून पाणी काढून दुहेरी फडक्यातून गाळत होती. आम्ही जैन; पाणी गाळायचं आणि फडक्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात अलगद परत सोडायचे, ही घरची रीत. आईनं फडकं हळुवार पिंपात उलटं केलं. मी वाकून पाहिलं. डासांच्या अळ्या! नळाला तीन दिवसांनी पाणी, म्हणून पिंप कधी रिकामं होतच नव्हतं. करोना बाहेर ठेवायला मांडलेल्या पिंपात आम्ही डेंग्यूचे डास सांभाळत होतो, तेही इतक्या मायेनं.

"मारायचं न्हाई हां," मच्छरदाणीतून अण्णांचा आवाज आला.

"अण्णा, पिंप घासून कोरडं करू, वर कापड घट्ट बांधू. डासाला अंडी घालता आली नाहीत तर जीव जन्मालाच येणार नाही. मग मारायचं कुणाला?"

त्यांना हे फार पटलं. जुन्या पाण्याचं मी काय केलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रविवार मी पुढच्या रविवारावर ढकलला. तोवर ताप जाऊन चार दिवस झाले होते, प्लेटलेट वर चढत होत्या. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा अण्णा मच्छरदाणीतच बसून होते, धुतलेला सदरा घालून. बाहेर या म्हटलं तर येईनात. "तिलाच आत दे. तिलाबी डास नगो."

वहिनीनं बाळ आत सरकवलं. मी कडा गादीखाली खोचल्या. अण्णांनी नातीला दोन्ही हातांवर घेतलं, तिच्या टाळूवर नाक टेकलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

मग जाळीतून माझ्याकडे बघून, मी काहीही विचारलेलं नसताना म्हणाले, "येतोय, डॉक्टरीणबाई. वास येतोय."