विरळणी अर्धीच राहिली

तिला सगळे वहिनीच म्हणत, तिच्याहून म्हातारेसुद्धा. नवरा गेल्यावर सफरचंदाची बाग धाकट्या दिरानं सांभाळली आणि बागेनं वहिनीला राबवलं. हिवाळ्यात शीतगृहात बसून फळं निवडायची, हे तिचंच काम. हातमोजे घातले तर डाग कळत नाही, काढले तर हात कळत नाहीत.

डाग म्हणजे मोठीच पीडा. झाडावरून उतरवताना फळ तुकतुकीत असायचं. गारठ्यात काही दिवस बसलं की सालीखाली तपकिरी खळगे पडायचे. चावलं तर कडू. आणि फळ जितकं मोठं, तितके खळगे जास्त. पण भावजींचा जीव मोठ्या फळात. त्यापायी विरळणीला ते कोवळी फळं अशी खुडत, की झाडाला वाटावं, आपण उगाच फुललो. वर शेणखताचे ढीग आणि फांद्यांची हजामत.

शेतीखात्याच्या बाई दर वर्षी सांगून जायच्या, "झाडावर फळं थोडी जास्त राहू द्या. खत आणि छाटणी कमी करा, पाणी थोडं पण नेमानं द्या, बुंध्याशी गवत अंथरा. तुमची झाडं पानांनीच माजलीत. कॅल्शियम सगळं पानं ओढतात. फळाला उरलंच नाही तर ते टिकणार कसं?"

वहिनीला पटलं. ज्याचा आवाज मोठा त्याच्या ताटात आधी पडतं, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. भावजी म्हणाले, "बाईंना चहा द्या."

मागच्या हिवाळ्यात शीतगृहाचे मालक तिच्यापाशी येऊन उभे राहिले. "वहिनी, पुढच्या खेपेलाही अशीच फळं आली तर तुमच्या क्रेटची जागा दुसऱ्याला देईन. राग मानू नका."

जागा गेली तर फळं उतरल्याबरोबर पडेल त्या भावात विकायची आणि उरलेली कुजताना बघायची. भावजींनी यावर उपाय काढला: आणखी मोठी फळं.

विरळणीला बागेचा वरचा उतार त्यांनी घेतला, खालचा वहिनीला दिला. शिडीवर चढा, खुडा, उतरा, शिडी सरकवा. वहिनीचे गुडघे आधी कुरकुरले, मग बोंबलायला लागले. एका दुपारी ती शिडीला टेकून बसली ती बसलीच. बाईंचं बोलणं आठवलं हे खरं. पण खोटं कशाला सांगा, गुडघे आधी आठवले, बाई मागून. उरलेल्या झाडांना तिनं वरवर हात लावला. खताच्या पाट्या वाहिल्या नाहीत. कापलेलं गवत बांधावर न्यायचं सोडून बुंध्याशीच पसरलं.

फळं उतरवताना भावजींनी एक उचलून पाहिलं. "वहिनी, ही सफरचंदं की बोरं?"

"उचलायला हलकी आहेत, भावजी."

"लाज काढलीत बागेची."

मग ते बरेच दिवस बोलले नाहीत. तिला तेवढाच आराम.

हिवाळ्यात मालकांनी समोर उभं राहून क्रेट उघडायला लावले. आधी वरच्या उताराचे. भावजींनी सगळ्यात मोठं फळ घेतलं, बाहीला पुसलं, फिरवलं. मागच्या बाजूला खळगे. दुसरं घेतलं, तेही तसंच. त्यांनी ते फळ, डाग खाली करून, हळूच परत ठेवलं.

मग खालच्या उताराचे. वहिनीनं हातमोजे काढले. फळं बोटांखालून जात राहिली. गार, घट्ट, गुळगुळीत. एखाददुसरं सोडलं तर बाजूला काढण्यासारखं काही निघेना.

मालकांनी एक कापून खाल्लं. "अशी आणणार असाल तर जागा तुमचीच. ती थोराड मात्र घरी न्या."

परतताना निम्म्या रस्त्यात भावजींनी विचारलं, "खाली काय केलंत हो?"

"काही नाही."

"सांगायचं नसेल तर राहू द्या."

"खरंच काही केलं नाही. दमले होते."

भावजी म्हणाले, "मग पुढच्या वर्षी वरचा उतारही तुम्हीच बघा."

वहिनी थांबली. जन्मात एकदा काम टाळून नाव मिळालं, तर त्याचंही बक्षीस कामच.

"बघते," ती म्हणाली. "पण शिडीवर तुम्ही चढायचं. आणि मी खालून पुरे म्हटलं, की हात आखडायचा."

"चढेन," भावजी म्हणाले. हात आखडण्याबद्दल ते घर येईपर्यंत काही बोलले नाहीत. दारात चपला काढताना मात्र "बरं" म्हणाले.